पिवळ्या डोळ्यांचा बाबातुंडे

त्या रविवारी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, आंब्यावर माणसं, आणि मधोमध पांढऱ्या झग्यातला प्रेषित जेरेमाया, हातात झाकलेला पिंजरा.

"हा पोपट मरायला टेकला होता. मी काय दिलं? पाणी. पाण्यात काय घातलं? फुंकर. आता बघा."

त्याने कापड ओढलं. आत करडा पोपट, पिसं तुळतुळीत, लाल शेपूट ताठ. लोकांनी गुडघे टेकले. मीही टेकले. चाळीस वर्षं झाली, पण माझ्या गुडघ्यांना ते अजून आठवतं.

आम्हा नायजेरियातल्या योरुबांत आजोबा गेल्यावर घरात मुलगा झाला की त्याचं नाव बाबातुंडे ठेवतात, म्हणजे बाबा परत आले. माझे यजमान वारल्यावर नवव्या दिवशी ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "मोरेनिके, दार लाव." माझी मुलगी मोरेनिके हातातलं पातेलं टाकून धावली. बोलत होता तो आमचा पाळलेला पोपट. बारा वर्षं त्याने रोज संध्याकाळी तेच ऐकलं होतं. त्या दिवसापासून शेजारी त्याला बाबातुंडे म्हणू लागले. मी तर तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून मुद्दाम दार उघडं ठेवायची.

पुढे बाबातुंडे खाईना, श्वास घेताना शेपूट हलू लागलं, तेव्हा आम्ही शहरात जनावरांच्या डॉक्टर अदेडिरनबाईंकडे गेलो.

"छातीत बुरशी झालीय," त्या म्हणाल्या. "महिनाभर रोज फडक्यात धरून सुई टोचायची. त्रास होईल त्याला."

"पण जगेल ना?"

"माहीत नाही, आई. न टोचता शांतपणे जाऊ दिलंत तरी कुणी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. ठरवायचं तुम्ही."

मला ठरवता येईना. टोचावं तर त्याचा छळ, न टोचावं तर यजमानांना दुसऱ्यांदा पुरायचं. त्याच आठवड्यात जेरेमाया दारात उभा राहिला.

"डॉक्टरला माहीत नाही, म्हणून देवालाही माहीत नसेल का? सात दिवस माझ्याकडे दे. मात्र कुणी बघायला यायचं नाही."

"आई, बघायला का नाही यायचं, ते तरी विचार," मोरेनिके म्हणाली. मी पिंजरा त्याच्या हातात दिला.

आणि आता हा रविवार.

"हा बोलत का नाही?" मोरेनिकेने विचारलं.

"पुन्हा जन्मलाय तो. तान्हं मूल बोलतं का?"

लोक हसले. "मास्तरीण झालीस म्हणून प्रेषिताचा पेपर तपासतेस होय?" कुणीतरी म्हणालं. मलाही जेरेमायाचं पटलं. बाबा परत यायचे ते नवे होऊनच येणार. नावातच होतं ना ते.

मोरेनिकेने डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं होतं. त्या पिंजऱ्यापाशी वाकल्या. "डोळे बघा. काळे आहेत. या जातीच्या पिल्लांचे डोळे काळपट असतात, वय वाढतं तसे पिवळे होतात. पिवळ्याचे परत काळे होत नाहीत. हा वर्षाचाही नाही."

मोरेनिकेने आपल्या लग्नाचा फोटो पुढे धरला. यजमानांच्या खांद्यावर बाबातुंडे, डोळे पिकल्या लिंबासारखे.

"वय उतरवलंय मी त्याचं," जेरेमाया म्हणाला.

"मग आधी माझं उतरव बाबा," शेजारच्या फुन्मिलायो आजी म्हणाल्या, "गुडघे फार दुखतात."

या वेळी लोक हसले ते त्याला. मग खरा पोपट शोधायला सगळेच त्याच्या प्रार्थनाघरामागे गेले. तिथे टोपलीत आणखी तीन पिल्लं होती, जंगलातून धरून आणलेली, पंख कापलेली.

"माझा कुठाय?" मी विचारलं.

जेरेमाया म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी गेला."

"काही बोलला?"

"दार लाव, दार लाव, असंच म्हणत होता."

सुईने तो वाचला असता का? माहीत नाही. डॉक्टरबाईंचे हेच दोन शब्द मला तेव्हा सोसले नाहीत, म्हणून खरं सांगणारीला सोडून मी खात्री देणाऱ्याला धरलं. उपचार करायचा की नाही, हे मी ठरवायचं होतं. मी काहीच ठरवलं नाही, आणि तो परक्याच्या घरी एकटा मेला.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजारी जीव असेल, माणूस असो की पाखरू, तर "मी बरा करतो, पण बघायला येऊ नका" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: का नाही यायचं? मला मुलीने हेच विचारायला सांगितलं होतं.

संध्याकाळी दार आता माझं मीच लावते.