रमा मॅडमनी पुसलेली कॅसेट

मित्रांनो, खांदा कॉलनीतल्या एका कपाटावर धूळ खात पडलेला जुना टेपरेकॉर्डर तो मीच. हसू नका! एके काळी माझा काय रुबाब होता! कायदा शिकवणाऱ्या रमा मॅडम मला शालीत गुंडाळून न्यायच्या आणि म्हणायच्या, "हा एक शब्द गाळत नाही हो."

मॅडमचा प्रबंध होता पगारी फौजांवर. सरकारचं सैन्य नव्हे, कंपन्यांनी नोकरीला ठेवलेले बंदूकवाले. त्यांनी माणूस मारला तर जाब कुणी द्यायचा, कंपनीनं की सरकारनं? पुस्तकं ढीगभर होती, पण तसं काम केलेला माणूस काही मिळेना. शहाण्णव साली ओवे गावचा एक जण मिळाला. त्याला आपण काशीराम म्हणू. खरं नाव मी मेलो तरी सांगणार नाही.

तो आफ्रिकेतल्या खाणीवर ड्रायव्हर म्हणून गेला होता. कंपनीनं हातात बंदूक दिली. "गेटावर गर्दी आली, सायबानी सांगितला, मी गोली मारली," तो म्हणाला. "एक मानूस मेला, बाई. पोलीस नाय, कोरट नाय. दुसऱ्या दिशी मना परत गेटावर उभा केला." मी सगळं कॅसेटवर टिपलं. तुम्ही म्हणाल तेव्हा ती पुसेन, असा मॅडमनी त्याला शब्द दिला होता.

आठच दिवसांनी तो धापा टाकत आला. "पुसून टाका, बाई. पोरीचा लगीन जमलाय. सोयऱ्यांना समजला तर मोडंल."

मॅडमचा अख्खा प्रबंध त्या कॅसेटवर उभा होता. तरी त्यांनी माझी लाल कळ दाबली आणि अर्धा तास आम्ही तिघं गप्प बसलो. जुना आवाज पुसायचा तर त्यावर अशी शांतता भरावी लागते. मला रडू येत होतं, पण मेल्या नशिबानं तेवढीही सोय ठेवलेली नाही.

मग खात्री करायला काशीरामनं कॅसेट लावली. नुसता पंखा घरघरत होता. तो खूश होईल असं वाटलं, पण त्याचा चेहरा पडला. "बाई, माजा बोलना गेला ता बरा झाला. पन त्या मेलेल्या मानसाचा मागमूस पन गेला ना?"

प्रबंध पुराव्याअभावी परत आला. नंतर मॅडमनी मला हात लावला नाही. इथे फार एकटं वाटतं हो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना अधूनमधून चालवत जा, नाहीतर आतला रबरी पट्टा सैल पडतो. तेही राहू द्या. पण कुणी मारलं गेलं तर त्याचं नाव तरी विचारून ठेवा. मॅडमना ते विचारायचं सुचलं नाही आणि मारणाऱ्याला ते कधी कळलंच नव्हतं.