वगळलेला तीन

एकोणनव्वद साली डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायचे. गणिताचे सहदेव सर माझ्या शेजारी बसत. माणूस हुशार, पण लगेच हात उचलणारा. फंक्शनांचा भागाकार आला की त्यांच्या अंगातच यायचं. वर क्ष वर्ग वजा नऊ, खाली क्ष वजा तीन. पोरं काटाकाटी करून क्ष अधिक तीन लिहीत आणि डोमेनमध्ये, म्हणजे क्षच्या चालणाऱ्या किमतींत, खुशाल सगळ्या संख्या घेत. पण क्षच्या जागी तीन घातला की खाली शून्य येतं, म्हणून तीन वगळायलाच हवा. तो वगळायचा राहिला की सर पट्टीच्या कडेने बोटं फोडत. ठाकुर्लीच्या शालनचं नख उखडून वहीवर रक्त सांडलं, तेव्हा मी त्यांच्याशी कडाकडा भांडले.

"मारल्याशिवाय डोक्यात शिरत नाही हो, मॅडम," ते म्हणाले.

प्रिलिमला नेमकं तेच गणित आलं. विभागप्रमुख उत्तम सरांच्या मॉडेल उत्तरात तीन वगळलेलाच नव्हता. शालनने वगळला, म्हणून तिचे मार्क कापले आणि ती नापास झाली. आता तिला बारावीला बसू देणार नव्हते.

सहदेव सर पेपर घेऊन उत्तम सरांसमोर उभे राहिले. "तुमचं उत्तर चुकलंय."

"छेद उडाल्यावर शून्य कसलं? मॉडेल उत्तर बदलत नसतं."

"जो आकडा आत शिरूच शकत नाही, तो उत्तरात कुठून आला?"

"पोरींना मारून हेच शिकवता का?" उत्तम सर हसले.

त्या हसण्यावर सहदेव सरांनी त्यांचं डोकं कपाटाच्या काचेवर आपटलं. काच फुटली. शिपाई धोंडीबा मधे पडला, त्याच्या नाकावर कोपर बसलं. उत्तम सरांची मान टेबलावर दाबून सर ओरडत होते, "लिही! तीन वगळून लिही!" रक्ताच्या हातानेच उत्तम सरांनी लिहिलं. उत्तर बरोबर होतं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्याच दिवशी सहदेव सरांची नोकरी गेली. मार्क मात्र सगळ्यांचे सुधारले.

सर टेबल आवरत असताना शालन आली. त्यांचा चेहरा उजळला. "सांग, तीन का वगळलास?"

तिने हात पाठीमागे घेतले. "तीनवरच मार बसलेला ना, सर."

"बरं. वर क्ष वर्ग वजा पंचवीस, खाली क्ष वजा पाच. आता काय वगळशील?"

"तीनच," ती घाबरून म्हणाली.