‘आपण’चा मोबाइल नंबर

महाप्याच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्या ॲपच्या रिलीजचं प्लॅनिंग म्हणजे सणच. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या, टेबलावर समोसे, आणि काय काय बिघडू शकतं यावर जोरदार चर्चा. प्रत्येक चिठ्ठी वाचून झाली की कुणीतरी म्हणायचं, “सांभाळून घेऊ,” की चिठ्ठी बाजूला. मराठी क्रियापद मोठं सोयीचं. कर्ता गायब असला तरी त्याचं काही अडत नाही.

जागृतीने मात्र या वेळी समोशाला हात लावला नव्हता. उरणकडच्या एका कंटेनर यार्डासाठी त्यांनी गेटपासचं ॲप केलं होतं. ड्रायव्हरने नंबर सांगायचा, गेटवरच्या माणसाने तो टाकायचा, की गेटचा आडवा दांडा वर. मागच्या रिलीजला दांडा वर गेलाच नाही. ट्रेलरांची रांग हायवेपर्यंत पोचली, उन्हात ड्रायव्हर तापले, आणि सगळा राग निघाला गेटवर बसलेल्या तेजसवर. तेजस तिचा चुलतभाऊ. कपाळाला टाके पडले. ती बघायला गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “ताय, तुमी बटन दाबून मोकले. मार आमी खातांव.” तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं.

आता नवीन रिलीज. प्रोजेक्टचे प्रमुख दिलीप सर यार्डाच्या मालकांना सांगून बसले होते : शनिवारी, दोन्ही गेट एकदम.

“एक प्रॉब्लेम आहे,” कोड लिहिणारा मितेश म्हणाला. “आधी दिलेले पास नवीन ॲप ओळखेलच असं नाही.”

“सांभाळून घेऊ,” दिलीप सर म्हणाले.

“कोण?” जागृतीने विचारलं.

“कोण म्हणजे? आपण.”

“‘आपण’चा मोबाइल नंबर काय, सर?”

सगळे हसले. दिलीप सर हसले नाहीत. जागृतीने मार्कर उचलला आणि प्रत्येक चिठ्ठीखाली लिहिलं : कोण?

“इथे नाव हवं. ज्याचं नाव, तो त्या दिवशी गेटवर. ऑफिसात एसीची हवा खात बसायचं नाही. दांडा अडकला की ड्रायव्हरसमोर तोच उभा.”

मितेशला मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं. नेटवर्क जाण्याच्या चिठ्ठीखाली जागृतीने स्वतःचं नाव लिहिलं. जुन्या पासची चिठ्ठी मात्र पोरकीच राहिली.

“नावाशिवाय मी रिलीजला ओके देणार नाही,” ती म्हणाली. ॲप तपासून ओके देण्याचं काम तिचंच होतं.

“अप्रेझल जवळ आलंय, जागृती.”

“माहितेय, सर.” मार्कर तिने खाली ठेवला नाही.

“आण इकडे!” सरांनी तणतणत मार्कर घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं : दिलीप.

मग ते आपल्याच नावाकडे बघत राहिले. समोसा उचलला, परत ठेवला.

“मितेश, फसलं तर जुनं ॲप परत चालू करायला किती वेळ लागतो?”

“कधी करून बघितलं नाही, सर.”

“मग बघ! आधी ते कर.” थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “दोन्ही गेट एकदम कशाला? मागचं आधी करू, तिथे गाड्या कमी. आणि शनिवारी यार्डातले निम्मे लोक नसतात. मंगळवारी करू.”

जागृती हेच कित्येक महिने घसा कोरडा करून सांगत होती. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय! ती मनातून खूश झाली, आणि पहिला समोसा तिनेच खाल्ला.

मंगळवारी मागच्या गेटवर सुरुवात झाली. काही ट्रेलर सुरळीत गेले. मग जुना पास असलेला एक आला आणि दांडा हलेना. हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, “कौन है यहाँ का?” तेजसचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

दिलीप सर गेटच्या केबिनबाहेर आले. “मैं हूँ.”

ड्रायव्हरने त्यांची कॉलरच धरली. केबिनमध्ये बसलेल्या जागृतीला धावत जावंसं वाटलं, पण तिचं काम लॅपटॉपवर होतं. मितेशने तालीम करून ठेवली होती, तशी एकेक पायरी करत तिने जुनं ॲप परत आणलं. दांडा वर गेला. ड्रायव्हर शिव्या घालत निघून गेला.

तेवढ्यात सरांना मालकांचा फोन आला. पुढचं गेट उद्या ना?

“नाही, साहेब,” तुटलेल्या बटणापाशी शर्ट धरून दिलीप सर म्हणाले. “आधी हे नीट होऊ दे. पुढची तारीख मी आज देणार नाही.” पलीकडचा आरडाओरडा तेजसलाही ऐकू येत होता. सरांनी तो पुरता ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाले, “तरी नाही देणार.”

तेजस उठला आणि आपलं स्टूल त्याने त्यांच्याकडे सरकवलं.

“बसा, सर. आता आमचंच मानूस तुमी.”