घड्याळबाईंच्या डोळ्यावरचं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्यावर लावतात ना, काळ्या टोपणातलं, तसलं. एका कारखान्यात माझी काच घासूनपुसून घडवली आणि एका घड्याळजींनी मला विकत आणलं. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी मला तारेसकट आपल्या लेकीच्या कपाळावर चढवलं. "आता तू बघ," एवढंच म्हणाले.

लेक बघू लागली. लोक तिला घड्याळबाई म्हणू लागले. मोहरीएवढे स्क्रू, केसासारखी स्प्रिंग, सगळं त्यांच्या बोटांना तोंडपाठ. "बाईंनी हात लावला की बंद घड्याळालाच लाज वाटते," असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि मी आतल्या आत फुगायचो.

बाईंनी पन्नाशी ओलांडली, पाळी थांबली आणि काहीतरी बिनसलं. पंखा डोक्यावर फिरत असतानाही अंगातून वाफ उसळायची, मानेवरून घाम ओघळायचा, माझी काच धुरकट व्हायची. धड झोप म्हणून लागायची नाही. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांचं घड्याळ त्यांनी उघडलं, भाग ओळीने मांडले आणि चिमट्यातल्या चाकाकडे बघतच राहिल्या. हे कुठे बसतं? हजार वेळा बसवलेलं चाक! त्यांनी मला काढलं आणि खणात टाकलं.

त्यानंतर बाई फक्त सेल आणि पट्टे बदलून द्यायच्या. तीन महिने मी अंधारात धूळ खात पडलो.

एके दिवशी त्यांची थोरली नणंद दुकानात आली. स्क्रू शोधायला तिने खण ओढला आणि थबकली. "अगं, ही सात घड्याळं तशीच? आणि भिंग इथे काय करतंय?"

बाईंना रडू कोसळलं. "वन्सं, आईचं झालं तेच माझं होतंय. शेवटी शेवटी ती मलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

नणंदेने त्यांना जवळ घेतलं. मग म्हणाली, "वेडी कुठली! इतके दिवस एकटीच कुढत बसलीस? चल, डॉक्टरकडे जाऊ. मी आहे ना." बाईंच्या चष्म्याबरोबर तिने मलाही पिशवीत टाकलं.

डॉक्टरबाईंनी खूप प्रश्न विचारले. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग कागद पुढे केला. "एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

बाईंनी मला डोळ्याला लावलं आणि घड्याळ काढलं. आकडे, काटे, सेकंदाची छोटी तबकडी, चावीवरच्या रेघासुद्धा. डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "अहो, एवढं मलाही येत नाही!" पाचही शब्द बाईंनी जरा अडखळत, पण बरोबर सांगितले.

"तुमच्या आईसारखं आज तरी काही दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाळी थांबताना असं विसरायला होतं, आणि तुमची झोपही उडालीय. तपासण्या ठीक आल्या तर हार्मोनचे उपचार करून बघू."

"त्यानं आठवण शाबूत राहील?"

"नाही. ते औषध त्यासाठी नाही, तसं वचन मी देणार नाही. हे गरम वाफांसाठी. वाफा थांबल्या की झोप लागेल, आणि झोप लागली की डोकं हलकं होईल, अशी आशा आहे. याचे धोकेही आहेत, म्हणून अधूनमधून तपासायला यायचं."

रक्तदाब, छातीची तपासणी, घरातले आजार, सगळं बघून झाल्यावर पोटावर लावायची हार्मोनची चिकटपट्टी आणि सोबत गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत बाई शांत झोपू लागल्या. एका सकाळी त्यांनी मला मऊ कापडाने पुसलं आणि सातही घड्याळं एकेक करून उघडली. आता त्या भाग मांडताना कागदावर क्रमांक लिहितात. कमीपणा मानत नाहीत.

मित्रांनो, माझी काच नुसत्या बोटांनी पुसू नका, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी. पण घरातली आई, मावशी, आत्या काही विसरली तर "वय झालं" म्हणून मोकळे होऊ नका. झोप लागते का, विचारा. डॉक्टरकडे सोबत जा.

परवा बाईंनी अर्धा तास मला शोधलं. खण, पिशवी, टेबलाखाली, सगळीकडे. शेवटी नणंद म्हणाली, "अगं, कपाळावर बघ." बाईंनी हात वर नेला, मला काढून तोंडासमोर धरलं आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की माझी काच पुन्हा धुरकट झाली.