घेवड्याच्या वेलाची काठी

व्हर्ना बोडेननं तीस वर्षं खपून सहा कुरल पक्षी जमवले होते. खरे नव्हेत, लाकडाचे, लांब वाकड्या चोचीचे. तिच्या आजोबांच्या काळी शिकारी ते काठीवर खोचून खाडीच्या चिखलात उभे करायचे, म्हणजे वरून जाणारा थवा भुलून खाली उतरायचा. एक तिला कोंबड्यांच्या खुराड्यात मिळाला, एक कुणीतरी दाराला टेकण म्हणून लावला होता. सहाही आजोबांनी, आसा बोडेननं कोरलेले, हे ती छातीठोकपणे सांगायची. गावाला ते पटत नव्हतं. आसा म्हणजे प्रुइट घराण्याच्या शिकारी तळावरचा साधा नावाडी, त्याला कुठली आलीय कला?

जुलैत फायर स्टेशनच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. जाणकार म्हणून आलेल्या थॅचरबाई कर्ता म्हणून जे नाव लिहितील तेच संग्रहालयाच्या पाटीवर कायमचं चढणार होतं. बाईंनी भिंगातून पक्षी पाहिले, उलटे केले.

"कोरीवकाम प्रुइटांच्या तळावरचंच दिसतं," त्या म्हणाल्या. "पोटातलं काठीचं भोक मात्र चपटं आहे. भोकं नेहमी गोल असतात. नंतर कुणीतरी वाट लावलीय."

शेजारच्या टेबलावर आपल्या घरचे पक्षी मांडून रॉस प्रुइट शिंपल्यांची भजी खात बसला होता. शाळेपासून व्हर्नाच्या राशीला लागलेला. "म्हणजे भोक तेवढं तुझ्या म्हाताऱ्याचं," तो म्हणाला. "पाटीवर तसं लिहून घे."

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहीतरी झणझणीत सुनावणार, तेवढ्यात तिची नजर रॉसच्या पक्ष्यांवर गेली. पंख्याच्या वाऱ्यानं ते आपापल्या गोल काठ्यांवर गरागरा फिरत होते. आणि तिला आठवल्या परसातल्या घेवड्याच्या काठ्या, आजोबांच्या वेळच्या. त्यांची टोकं चपटी होती. दर उन्हाळ्यात ती त्यांनाच सुतळी बांधायची.

"बाई, पाटी लिहू नका," ती म्हणाली. "आलेच मी."

अर्ध्या तासानं ती सहा काठ्या काखेत मारून परतली. एकीला वेल तसाच लोंबत होता, शेंगांसकट. हॉलभर खसखस पिकली.

"भाजी आणलीस होय?" रॉस म्हणाला.

व्हर्नानं पक्षी काठीवर ठेवला आणि दाबला. चपटं टोक चपट्या भोकात गच्च बसलं. मग दुसरा, तिसरा, सहाही. सगळ्यांची तोंडं पंख्याकडे केली. एकही तसूभर हलला नाही. खरे पक्षी वाऱ्याकडे तोंड करूनच उभे राहतात, हे चिखलात जन्म काढलेल्या नावाड्याला ठाऊक असणारच.

थॅचरबाईंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "पण काठ्या आसा यांच्याच कशावरून?"

व्हर्नानं वेल बाजूला सारला. काठीच्या बुडाशी तीन खाचा आणि एक फुली होती. "हे रॉसला विचारा," ती म्हणाली.

इथं प्रत्येक घर खाडीतल्या आपल्या कालवांच्या वाफ्याच्या खुंटावर स्वतःची खूण कोरतं. दुसऱ्याची खूण कोरणं म्हणजे चोरी. प्रुइटांचा वाफा बोडेनांच्या वाफ्याला लागूनच होता. रॉसनं खाचांवरून अंगठा फिरवला. खोटं बोलायचं तर सगळं गाव समोर उभं.

"आसाचीच," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल, मागं ऐकू गेलं नाही."

"आसाचीच खूण आहे, बाई."

मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. आपल्या टेबलावरचा, खाली 'प्रुइट' अशी चिठ्ठी लावलेला, बक्षीस मिळालेला कुरल त्यानं उचलला आणि उलटा केला. पोटात गोल भोक होतं, आणि त्याला लागूनच लाकडाचा भुसा नि सरस भरून बुजवलेलं एक चपटं. त्यानं तो पक्षी व्हर्नापुढे ठेवला.

"हा पण तुझ्याच म्हाताऱ्याचा."

रडायचं व्हर्नानं घरी जाईपर्यंत लांबवलं. पक्षी त्याच्याकडे सरकवून ती म्हणाली, "ठेव तुझ्याकडेच. फक्त खालच्या चिठ्ठीवरचं नाव बदल. आत्ता, माझ्यासमोर."

थॅचरबाईंनी आपलं पेन रॉसच्या हातात दिलं.