आईच्या अंगठ्याखालचं बटण

मी एक बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, तसली आमच्या लॉन्ड्रीत रोज तुटतात. मी फोनमधलं. माझ्यावर 'कपडे तयार' असं लिहिलंय. मालकीणबाईंनी मला दाबलं, की गिऱ्हाइकाला निरोप जातो. मी नव्हतो तेव्हा लोक हेलपाटे घालून वैतागायचे आणि पलीकडच्या गल्लीतली लॉन्ड्री धरायचे.

बाईंची दोन मुलं, ताई आणि धाकटा, वरच्या खोलीत ॲप बनवतात. आईसाठी ॲप करायचं ठरलं आणि दोघांची जुंपली. एकदाच लिहून सगळ्या तऱ्हेच्या फोनवर चालवायचं तर फ्रेमवर्क, म्हणजे ॲपचा तयार सांगाडा, लागतो, आणि दोघांचं फ्रेमवर्क वेगळं. ताईचं आपलं सामान, आपले रंग बरोबर घेऊन येतं. धाकट्याचं ज्या फोनात जाईल तिथलंच सामान वापरतं. शेवटी दोघांनी एकेक ॲप केलं. मी ताईच्या ॲपातला, आणि धाकट्याच्या ॲपातलं असंच बटण म्हणजे माझा जुळा भाऊ. आई निवडेल ते राहणार, दुसरं पुसलं जाणार. माझी तर पाचावर धारण बसली.

वरच्या खोलीतल्या नव्या फोनांवर मी रुबाबात मिरवलो होतो. पण बाईंचा फोन जुना, आणि अक्षरं ही एवढाली केलेली. तिथे माझ्यावर उरलं नुसतं 'कपडे'. 'तयार' कापलं गेलं.

"कपडे काय? फाटले?" बाईंनी विचारलं.

भाऊ मात्र अक्षरांबरोबर ऐसपैस वाढला. त्याच्याकडची गिऱ्हाइकांची यादी तेवढी सरकवताना अडखळत होती. माझ्याकडची सुळकन पळायची.

"हिची यादी बरी, पण वाचता येत नाही ते मी दाबणार नाही," बाई म्हणाल्या. "धाकट्याचं ठेवा."

ताईने मला पुसायला घेतलं. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊ लागलो. तेवढ्यात धाकटा खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"ताई, बटणाची उंची तू ठोकून बसवलीयस. ती मोकळी सोड, झालं."

"अरे, मग तू हरशील."

"आणि आई रोज त्या यादीशी झटत बसेल, ते चालेल?"

त्यानेच उंचीची ती ओळ खोडली. मी अंग पसरलं, 'तयार' परत आलं. मग त्याने स्वतःच्या हाताने माझ्या भावाला पुसलं. मला फार वाईट वाटलं. भावाची ती ऐसपैस बसायची ढब आता मी चालवतो.

सध्या वर पुन्हा जुंपलीय, माझ्या रंगावरून. भांडा बापडे! फक्त मला रंगवलंत की आधी खाली आईच्या फोनवर बघा, एवढीच विनंती.

थांबा, ओला अंगठा आला. कुणाचे तरी कपडे तयार झाले.