बडग्याच्या गळ्यातली ओढणी

दामिनीचा खून होऊन आठ महिने झाले होते आणि तो कोणी केला, हे पोलीस सोडून सौंसरात सगळ्यांना माहीत होतं.

रामाजीच्या चहाच्या टपरीवर सकाळी एक खुनी ठरायचा आणि संध्याकाळी दुसरा. संक्रांतीला तो संत्र्याच्या बागेचा ठेकेदार होता. होळीपर्यंत तो नागपूरहून पांढऱ्या गाडीत आलेला कोणी अनोळखी झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला कुठे पावती फाडावी लागते? फिरत फिरत उन्हाळ्यात बोट गौतमवर आलं आणि तिथेच थांबलं, कारण गौतम हाताशी होता आणि गरीब होता.

पंचफुला ही दामिनीची आई. नवरा केव्हाच गेलेला. मंडीत संत्र्यांची प्रतवारी करून तिने एकुलत्या एका पोरीला बी.ए. केलं होतं. पोरगी बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरायची. डिसेंबरात एका संध्याकाळी ती घरी आली नाही आणि तिसऱ्या दिवशी मोहगावच्या रस्त्यावरच्या बागेत सापडली, गळा आवळलेली. चपला सापडल्या, पर्स सापडली, मोबाइलसुद्धा सापडला. ओढणी मात्र सापडली नाही.

ती ओढणी मोरपंखी रंगाची होती. मंडीत आईला डबा द्यायला आली असताना एकदा तिचं टोक पेटीच्या खिळ्यात अडकून फाटलं होतं. पंचफुलाने हाताशी होता तो पोती शिवायचा जाड पांढरा दोरा घेऊन तिथल्या तिथे टाके घातले. "आई, ओढणी हाये का पोतं?" म्हणून पोरगी दोन दिवस फुगून होती, आणि तरीही तीच ओढणी घेऊन फिरायची. ठाण्यात पंचफुलाने हे तीनदा सांगितलं. ठाण्याचे प्रमुख टीआय साहेब, त्यांनी लिहून घेतलं. ओढणीनेच गळा आवळला असणार, ओढणी सापडली की माणूस सापडला, असं तेच म्हणाले होते. तेव्हापासून पंचफुला लोकांच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे बघत चालायची.

गौतमचं दुकान सेंटरला लागून. मोबाइल दुरुस्त करायचा. लाईट जाऊन उशीर झाला तेव्हा त्याने दामिनीला दोनदा गाडीवरून घरी सोडलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं आणि सोडलं. सोडलं म्हणजे पैसे चारले, असं गाव म्हणालं. नसतं सोडलं तर म्हणालं असतं, बघा, धरला की नाही. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?

पंचफुलाला आधी हे पटत नव्हतं. गौतम तिला काकू म्हणायचा आणि रिचार्जचे पैसे मागायला लाजायचा. पण गल्लीतल्या बाया भाजी-भाकर घेऊन यायच्या आणि भाकरीबरोबर गौतमचं नावही वाढून जायच्या. शेजारची सुचिता तर रोज यायची. रिकाम्या घरात रागाला कोणीतरी लागतं. कोणावर चिडायचं हेच ठाऊक नसेल तर माणूस वेडं होतं, आणि पंचफुलाला वेडं व्हायचं नव्हतं. जून सरता सरता तीही मान हलवू लागली.

पोळ्याच्या आठ दिवस आधी केतन आला. गल्लीतल्या मंडळाचा म्होरक्या, तोंडाने गोड.

"काकू, अवंदा गौतमचा बडग्या करून राहिलो. तुमाले पुसल्याबिगर नाही करनार."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. बाईचा पुतळा ती मारबत, गड्याचा तो बडग्या. वर्षभराची रोगराई, वाईट-वंगाळ त्याच्यावर लादायचं आणि "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत शिवेवर नेऊन जाळायचं. पुतळ्यासाठी प्रत्येक घरातून जुना कपडा जातो. त्याच्यासाठी पंचफुलाच्या घरासमोरच्या मारुतीच्या पाराला एक पोतं बांधलेलं असतं. या गल्लीचा रिवाज असा की, कपडा टाकणाऱ्याकडे पाहायचं नाही आणि कोणी काय टाकलं हे विचारायचंही नाही. घराची पीडा त्या कपड्याबरोबर जाते, पाहिलं तर पाहणाऱ्याला लागते.

"करा," पंचफुला म्हणाली. पेटीतून नवऱ्याचा शर्ट काढून तिने त्याच दिवशी पोत्यात टाकला.

बडग्या बारा फुटांचा झाला. छातीवर पुठ्ठ्याचा मोबाइल, त्याच्यावर गौतमचं नाव, गळ्यात कसल्याशा मळक्या कापडाचा फास. गौतम चार दिवस आधीच दुकान बंद करून बहिणीकडे नागपूरला गेला होता. पोलीस होते, पण ते सगळे गोटमारीच्या, त्या दगडफेकीच्या जत्रेच्या, बंदोबस्ताला पांढुर्ण्याला. सौंसरात त्या सकाळी केतनचंच राज्य होतं. बडग्याला हातगाडीवर आडवं टाकून मिरवणूक पंचफुलाच्या दारात थांबवली.

"पहिला जोडा काकूचा!"

डफडी वाजत होती. पंचफुलाने पायातली चप्पल काढली आणि पुतळ्याच्या छातीवर हाणली. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग मोजलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. हे ती पुढे कोणाला सांगू शकली नाही, पण वाटलं होतं खरं.

नाल्यापलीकडे शिवेवर पोरांनी बडग्या उभा केला, डिझेल ओतलं आणि गळ्यातला फास वर ओढला. मघाशी पेंढ्याखाली दबलेलं फासाचं टोक सुटून खाली लोंबलं. मळलेलं, विटलेलं, पण मोरपंखी. आणि टोकाला जाड पांढरे टाके.

पंचफुलाला आधी काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं.

"थांबा! ओढनी काढा! माह्या दामिनीची ओढनी हाये ते!"

लोकांनी ऐकलं. ऐकलं नाही असं कोणी म्हणू नये. पण आईने पोरीच्या नावाने रडावं हे त्या दिवशीच्या कार्यक्रमात धरलेलंच होतं. ती पुढे धावली तशी सुचिता आणि आणखी दोघींनी तिला कमरेला धरलं.

"रडू द्या बाप्पा तिले, मोकळी होईन."

"आगीत उडी घेईन ते, सोडू नोका!"

"माह्या हाताचे टाके हायेत!" पंचफुला ओरडत होती. "केतन, तुह्या पाया पडतो, वळून पाह्य!"

केतन वळला. हातात मोबाइल होता आणि तो तिच्याकडेच धरलेला होता. मागे कोणीतरी काडी लावली. डिझेलवर कापूस जसा जळतो तशी ती ओढणी जळाली, दहा आकडे मोजायच्या आत.

दुसऱ्या दिवशी टीआय साहेबांनी केतनला बोलावलं. ते पांढुर्ण्याहून जागून आले होते, पण ओढणी म्हटल्यावर ताठ बसले.

"कुठून आणली?"

"पोत्यातून साहेब. फासाले बरी वाटली."

"टाकली कोणी?"

"पोत्याकडे पाहत नसतेत साहेब."

"व्हिडिओ?"

व्हिडिओ पुष्कळ होते. एकोणीस मोबाइल मागवले गेले. पंचफुला बाकावर बसून एकेक बघत गेली. बडग्या उभा राहतोय इथपर्यंत सगळं नीट दिसत होतं. फास वर ओढला जातो, ती ओरडते आणि त्याच क्षणाला एकोणीसच्या एकोणीस मोबाइल पुतळ्यावरून वळून तिच्या तोंडावर येतात. तिचं उघडं तोंड, सुटलेले केस, कोणी मागे गाणं टाकलेलं. पुन्हा पुतळा दिसतो तेव्हा नुसता जाळ.

"यात काहीच नाही," साहेब म्हणाले, आणि आवाज खाली करून विचारलं, "बाई, नक्की तीच होती ना?"

गल्लीत बत्तीस घरं. पंचफुला एकेका दारात गेली. कोणी चादर दिली होती, कोणी पँट, कोणी पोराचा गणवेश. प्रत्येकाला आपण काय दिलं ते पक्कं आठवत होतं. त्यांतला एक जण खोटं बोलत होता. आठ महिने ती ओढणी घरात दडवून तो पोळ्याची वाट बघत बसला होता, आणि हा रिवाज त्याला चांगला ठाऊक होता. इतकं सरळ होतं हे. पण हे सरळ मानायचं तर गौतमला सोडून गल्लीने आपल्याच घरांत पाहायला हवं होतं. तेवढं काळीज कोणाकडे होतं?

त्यापेक्षा सोपी वाट रामाजीच्या टपरीवर आठवड्यात सापडली.

"ओढनी होती म्हंते. मग इतके दिवस होती कुठी?"

"कपडे तर तिनंबी टाकले ना पोत्यात?"

"टाके तिचेच, पोतं तिच्या घरासमोर. आता समजून घ्या."

वड्याचं तेल वांग्यावर काढायला वेळ लागत नाही. सुचिताची भाजी यायची बंद झाली. पंचफुला टपरीवरून जायची तेव्हा बोलणं थांबायचं. ती शांतता तिच्या ओळखीची होती. गौतम जायचा तेव्हा ती पडायची आणि तेव्हा पंचफुलाही तिच्यात सामील असायची.

गौतम परत आला, दुकान उघडलं. ती माफी मागायला गेली. त्याने मान वर केली नाही, पेचकसाने एक मोबाइल उघडत राहिला.

"तुही चूक नव्हती बाबू. मले आता समजलं."

"काकू," तो म्हणाला, "त्या व्हिडिओत ओढनी दिसत नाही. तुमची चप्पल मात्र साफ दिसते."

वर्ष गेलं. खुनी सापडला नाही. पुन्हा पोळा आला. मारुतीच्या पाराला पोतं बांधलं गेलं आणि केतनची पोरं दारोदार आठवण करत फिरली. पंचफुलाचं दार तेवढं त्यांनी टाळलं. अवंदा बडग्या नाही, मारबत करणार होते, एवढं तिच्या कानावर आलं होतं. बाईचा पुतळा.

सकाळी ती आपली हिरवी साडी घेऊन पारावर गेली, जी नेसून ती रोज मंडीत जायची. पोत्याजवळ केतन उभा होता.

"केतन, हे घे. मारबतीले नेसव. लोकायले ओळखू आली पायजे ना."

 केतनने पोत्याचं तोंड उघडून धरलं आणि रिवाजाप्रमाणे दुसरीकडे पाहिलं.